पत्रकाच्या कोऱ्या पाठीवरचा कीबोर्ड

"मिस्तरी कुठं गेला?"

शेलूबाजारला, जीपा थांबतात त्याच्या समोर, माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. येणारा दर दुसरा माणूस हेच विचारतो. समोर मी बसलेली असते, हातात पेचकस असतो, टेबलावर कुणाच्या तरी संगणकाचं पोट उघडं असतं, तरी त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे मिस्तरी शोधत असते. मी म्हणते, "मिस्तरी समोरच बसला आहे. बोला, काय झालं?" काही जण हसतात. काही जण "बरं, मंग येतो" म्हणून निघून जातात आणि तासाभरात तेच मशीन उचलून परत येतात, कारण बाईच्या हातून दुरुस्ती करून घेण्यापेक्षा वाशिमपर्यंत जायचा कंटाळा त्यांना जास्त असतो.

या अंकाच्या संपादकांनी मला लेख मागितला तेव्हा एक अट घातली. "ताई, कामाचे अनुभव लिहा. पत्रक लिहू नका." त्यांचंही चूक नाही. मी लिहायला शिकले ते विद्यार्थी चळवळीत पत्रकं लिहूनच. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, एस.टी.च्या पाससाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी. पत्रकाचं शास्त्र सोपं आहे. वाक्य छोटं ठेवायचं, राग मोठा ठेवायचा, दोषी कोण ते दुसऱ्या ओळीत सांगायचं आणि मागणी शेवटी. ती सवय माझी गेलेली नाही आणि जावी असंही मला वाटत नाही. पण आज मी माझ्याच एका पत्रकाची गोष्ट सांगणार आहे. त्यात वाक्यं छोटी होती, राग मोठा होता, आणि दोषी चुकीचा होता.

आधी धंदा समजून घ्या. त्याशिवाय माझी चूक किती मोठी होती ते कळणार नाही.

घरचा संगणक "मेला" म्हणून जेव्हा माझ्याकडे येतो, तेव्हा बहुतेक वेळा तो मेलेला नसतो. कुठे बोर्डाचं बटण ढिलं असतं, कुठे मागची वायर उंदरानं कुरतडलेली असते. कुठे पडद्याचं स्वतःचं बटण बंद असतं आणि घरचे सगळे मिळून खालच्या डब्याला शिव्या देत असतात. नाहीच तर रॅम. रॅम म्हणजे अर्ध्या वितीएवढी हिरवी पट्टी. तिच्या कडेला पितळी दात असतात, त्यावर धूळ बसली की संगणक चालू होत नाही, नुसता टूं टूं करतो. ती पट्टी काढायची, शाळेतल्या खोडरबरानं तिचे दात पुसायचे आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवायची. झालं. हे काम मी मालकाला समोर बसवून करते आणि दुसऱ्यांदा त्याच्याच हातानं करून घेते. आमच्या धंद्यातले काही लोक यावर चिडतात. म्हणतात, "असं समद्यायले शिकवलं तर आपण काय खाणार?" मी म्हणते, खोडरबर विकून कुणाचं पोट भरत असेल तर त्यानं स्टेशनरीचं दुकान टाकावं.

लोक मशीनला दोष देतात, पण मशीन विकणाऱ्यानं त्यांना काय शिकवलं ते कुणी विचारत नाही. अनसिंगचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी निरोप पाठवला, "संगणक बंद असला तरी तापतो, येऊन पाहा." मी गेले. टेबलाखालच्या डब्यावर एक जाडजूड मांजर झोपलेलं होतं.

"हे रोज इथंच झोपते," गुरुजी म्हणाले. "हिवाळ्यापासून."

मी डब्यावर हात ठेवला. आत पंखा फिरत होता. "गुरुजी, तुम्ही संगणक बंद कसा करता?"

त्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. "असा."

घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे वीज गेली तरी मशीन बंद पडत नव्हतं. म्हणजे हिवाळ्यापासून ते अखंड चालू होतं. गुरुजींच्या घरात ही गोष्ट फक्त मांजराला माहीत होती. मी बंद करायची रीत दाखवली तेव्हा गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "बाई, अख्खं आयुष्य मी पोरांना शिकवलं. हे मशीन देऊन गेलेल्या माणसाला मला पाच मिनिटं शिकवता आलं नाही?" हा प्रश्न मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते. कुणाच्याही घरी मशीन लावलं की आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातानं ते बंद करून घेते, आणि मगच चहा पिते.

आता पत्रकाकडे येते.

मेडशीच्या पंचफुलाबाई, पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर शेतमजुरी केलेल्या, आणि त्यांची सून सुजाता. दोघी एका दुपारी एस.टी.तून संगणक घेऊन आल्या. डबा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, सुजातानं लेकरू धरावं तसा मांडीवर धरून आणलेला. तिच्या नवऱ्यानं, विलासनं, तो वाशिमच्या एका दुकानातून जुन्यातला घेतला होता. सुजाता सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती, मराठी आणि इंग्रजी दोन्हीला. टायपिंगचा क्लास आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला, तिथे आठवड्यातून दोनदाच जाणं जमायचं. बाकीचा सगळा सराव घरी.

"चालूच नाई होऊन राह्यला," सुजाता म्हणाली.

"अन् हे तुमाले सांगत नाई ते मी सांगतो," पंचफुलाबाई मध्येच बोलल्या. "या खेपेस परीक्षा निघाली तं ठीक. नाई तं सोयाबीन निघालं का विलासच्या संगं पुण्याले साइटवर. मुकादम जोडीच घेते, एकटा माणूस घेत नाई. मागच्या साली मीच म्हटलं, एक साल थांब, पोरीले शिकू दे. दरसाल कसं म्हणू? आन् इचा हात एकदा सिमेंटात गेला का मंग कायचं टायपिंग वं बाई?"

मी झाकण उघडलं. आत सोयाबीनचा भुसा. काढणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेत तो असतोच, पण इथे पंख्याच्या पात्यांवर त्याचा थर जमला होता. मी सगळं झाडलं, रॅमचे दात पुसले, मशीन चालू झालं. सुजाताच्या हातानं एकदा उघडून लावून घेतलं. आणि निघताना पंचफुलाबाईंना सांगितलं, "मावशी, धूळ त्याची दुश्मन आहे. चांगली खोळ शिवा अन् त्याच्यावर घालून ठेवत जा."

हे वाक्य नीट वाचून ठेवा. मी ते फार विचार न करता बोलले होते.

पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. आता डब्यावर खोळ होती. जुन्या लुगड्यांच्या चार पदरांची, गोधडीसारखी दाट धावदोऱ्याची, कडेला निळी पट्टी, पुढे बटणापुरती आणि वायरींपुरती काजं केलेली. शिंपी लाजेल अशी. मी खोळ काढली, हातानं घडी केली, बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मावशी, काय सुंदर शिवली हो!" पंचफुलाबाईंना बरं वाटलं.

तक्रार नवी होती. संगणक चालू व्हायचा, पण पाव तासानं आपोआप बंद पडायचा. सुजाताचा एक उताराही पुरा होत नव्हता. मी तो दुकानात दिवसभर चालवला. एकदाही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्याकडे चालतो, त्यांच्याकडे बंद पडतो. मग मी माझं डोकं चालवलं. गावात व्होल्टेज कमी असतं. चांगला पॉवर सप्लाय, म्हणजे घरची वीज घेऊन मशीनला पचेल अशी करून देणारी पेटी, ते सहन करतो. नकली करत नाही. मी पेटीवरचं लेबल पाहिलं. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. बस्स! दोषी सापडला. वाशिमचा तो दुकानदार.

मी माझ्याकडची पेटी बसवून मशीन परत पाठवलं, आणि त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. "जुन्या संगणकाच्या नावाखाली नकली माल!" खाली दुकानाचं नाव. त्याखाली "अशी पेटी केव्हाही पेट घेऊ शकते. तुमच्या घराला आग लागल्यावर जागे होणार का?" असंही लिहिलं, कारण आग या शब्दाशिवाय पत्रक वाचलं जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दोनशे प्रती काढल्या, एका बाजूनं छापलेल्या. दुसऱ्याच दिवशी बाजार होता, तिथे वाटल्या. विलास बाजारात होता, तो एक घरी घेऊन गेला.

मला फोन आला नाही. मी समजले, मशीन नीट चालतंय. पत्रकाचं लोक कौतुक करत होते आणि मी ते ऐकत होते.

त्या बाजारानंतर अकरा दिवसांनी मेडशीला गेले. काम दुसरं होतं, पण खरं सांगायचं तर मला पंचफुलाबाईंच्या तोंडून "आता बरं चालते" हे ऐकायचं होतं. दारातून पाहिलं तर सुजाता जमिनीवर बसलेली, समोर पाट, पाटावर एक कागद, आणि दहाही बोटं त्या कागदावर नाचताहेत. संगणक कोपऱ्यात, खोळ घातलेला, वायर काढून गुंडाळून ठेवलेली.

मी जवळ गेले. कागदावर पेनानं कीबोर्ड काढला होता. सगळी बटणं, मापात, रांगा किंचित सरकवलेल्या, जशा असतात तशा. कागद उलटून पाहिला. माझं पत्रक होतं. माझ्या आगीच्या पाठीवर ती परीक्षेची तयारी करत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"आत्याबाईनं वायर काढून टाकली," सुजाता म्हणाली.

पंचफुलाबाई चुलीजवळून उठून आल्या. "काढली! तुमचाच कागद वाचून दाखवला विलासनं. आग लागते म्हणे. नवी पेटी लावली तरी पयल्याच दिशी पाव तासात बंद पडला. म्या म्हटलं आता पेटते. कुडाचं घर हाय बाई, जवळ कडबा हाय. परीक्षेपायी घर जाळू का?"

"मग मला फोन का नाही केला?"

"कायले करू? तुमी लेखी देल्लं होतं ना."

अकरा दिवस. परीक्षेला आता नऊ उरले होते.

मी वायर जोडली आणि म्हटलं, तुम्ही रोज बसता तसंच बसा, मी नुसती पाहते. मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मशीन दुकानात आणून तपासलं, घरात ठेवून कधी पाहिलंच नव्हतं. सुजातानं काजातून बटण दाबलं. पडदा उजळला. ती टाइप करू लागली. मी मागे बसून बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंख्याचा आवाज वाढत चालला. मी मागे हात घातला, तर जिथून गरम हवा बाहेर यायला हवी तिथे चार पदरी गोधडी.

"खोळ काढत नाही का तुम्ही?"

"काढत नाई," पंचफुलाबाई अभिमानानं म्हणाल्या. "तुमी म्हटलं ना, घालून ठेवत जा. म्या बटणापुरतं काज केलं, म्हणजे काढाचं कामच नाई."

तेवढ्यात मशीन बंद पडलं. पाव तास भरला होता.

आतून जास्त तापलं की संगणक स्वतःला वाचवायला बंद होतो. ही त्याची शहाणी सवय आहे, बिघाड नाही. मी खोळ काढली, अर्धा तास थांबले, चालू केलं. सुजातानं तीन उतारे पुरे केले. मग आणखी दोन. दुकानदाराची पेटी चांगली होती, माझी पेटीही चांगली होती. वाईट होता माझा सल्ला. "बंद असताना" हे दोन शब्द मी बोलले नव्हते, आणि त्या दोन शब्दांची जागा मी दोनशे प्रती काढून भरली होती. ती खोळ मी स्वतःच्या हातानं काढून, घडी करून, वर तारीफ करून बाजूला ठेवली होती, आणि म्हणूनच माझ्या दुकानात मशीन दिवसभर चालत होतं.

मी पंचफुलाबाईंना सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. त्यांनी खोळ उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमी म्हटलं तसं म्या केलं, अन् तुमी म्हटलं तसं म्या पुन्हा केलं."

"हो मावशी."

"बरं. आता पुढचं सांगान तं आधी दोनदा इचार करजा."

विलास बाहेरून आला होता. तो म्हणाला, "ताई, खटखट कायले? निघण्याआधी नवाच घेऊन टाकू का?" हा प्रश्न मला रोज विचारतात. मी उलट विचारते, काय करायचं आहे? बहुतेक लोक म्हणतात, "समदंच." समदं कुणीच करत नाही. मी त्याला स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं. संगणकात एक कोठी असते, तिथे सगळं साठवलेलं. रॅम म्हणजे ओटा, ज्यावर चालू स्वयंपाकाचं सामान मांडलेलं. आणि प्रोसेसर म्हणजे रांधणारी बाई. विकणारे नेहमी बाईचंच कौतुक सांगतात, किती जलद, कितव्या पिढीची. पण ओटा वीतभर असेल तर बाई कितीही हुशार असो, भांडी खालीच ठेवेल आणि उचलेल. सुजाताला उतारे टाइप करायचे आहेत, फॉर्म भरायचे आहेत. त्याला हे मशीन पुरतं. फार तर कोठी नव्या प्रकारची टाका, एसएसडी म्हणतात, तिच्यात फिरणारी चकती नसते, सामान पटकन निघतं. नवं घ्यायचंच झालं तर दुकानात जाऊन आधी कीबोर्डवर एक पान टाइप करून बघा, बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या, दुरुस्ती कोण करणार ते कागदावर घ्या. झगमगत्या स्टिकरवर जाऊ नका. माझ्या तोंडच्या शब्दावरही जाऊ नका, हे पंचफुलाबाईंनी त्यात जोडलं.

दुसऱ्या दिवशी मी वाशिमला त्या दुकानदाराकडे गेले. लोक त्यांना शेठ म्हणतात. माझं पत्रक त्यांनी काचेखाली ठेवलं होतं.

"आलात?" ते म्हणाले. "म्हटलं, आगीचा बंब घेऊन येता का काय."

मी झालेलं सांगितलं. खोळीपाशी आल्यावर ते हसायला लागले, आणि मग हसू थांबवून म्हणाले, "बाई, चार गिऱ्हाइकं येऊन जुनी मशीनं परत ठेवून गेली. माझ्या पोरीनं विचारलं, बाबा आपण नकली विकतो का? ते तुमच्या कागदानं झालं."

"मी दुसरं पत्रक काढते. 'माझं चुकलं' म्हणून. तितक्याच प्रती, त्याच बाजारात."

"तितक्याच नको. एक जास्त काढा. ती मी बाहेर काचेवर लावतो."

मी काढलं. माझं नाव वर, मोठ्या अक्षरात. ज्या जागी उभी राहून आग वाटली होती, तिथेच उभी राहून ते वाटलं. लोकांनी टोमणे मारले. "कावो मॅडम, आता कुठं आग लागली?" चळवळीतल्या एका मित्रानं सांगितलं, "असं लिहून दिलं की लोकांचा आपल्यावरचा विश्वास जातो." मी सांगते, गेला नाही. त्या बाजारानंतर माझ्याकडे जितकी मशीनं आली, तितकी आधी कधी आली नव्हती. मी आजवर खूप पत्रकं लिहिली, पण चौकटीत लावावं असं वाटतं ते हेच एक.

नऊ दिवस सुजाता बसली. मी रोज जाऊन बघण्यात अर्थ नव्हता, तरी दोनदा गेले. पहिल्यांदा तिचा हात कागदाच्या सवयीनं हलका पडत होता, अक्षरं सुटत होती. दुसऱ्यांदा नाही. परीक्षा झाली. निकाल यायचा होता.

आणि निकालाआधी मुकादमाची गाडी आली.

त्या सकाळी मी मेडशीलाच होते, एका किराणा दुकानाचा प्रिंटर पाहायला. फाट्यावर टेम्पो उभा, बायामाणसं, बोचकी, पातेली, कोंबड्यासुद्धा. विलास वर चढलेला. सुजाता खाली, डोक्यावर पदर, हातात बोचकं. पंचफुलाबाई तिच्याशेजारी. मुकादम वरून ओरडला, "चला बाई, लवकर करा, पुण्याले पोचाचं हाय!"

"भाऊ," पंचफुलाबाई म्हणाल्या, "तुले जोडीच पायजे ना?"

"जोडीच."

"विलास अन् मी. लिही नाव."

मुकादम हसला. "आजी, तुमी?"

"आजी कायची? तुले माणूस पायजे का पोट्टी? पस्तीस वर्ष झालं टोपली उचलून राह्यली. टोपलीचं वजन तुले सांगू का मी?"

"आत्याबाई, निकाल नाई आला अजून," सुजाता रडवेल्या आवाजात म्हणाली. "नापास झाली तं?"

"तं पुन्हा बस." पंचफुलाबाईंनी तिच्या हातातून बोचकं घेतलं. "इनं तुह्यं एक साल वाया घालवलं, आता एक साल म्या देतो." 'इनं' म्हणताना त्यांनी बोट माझ्याकडे केलं होतं. अकरा दिवसांचं त्यांनी एक साल केलं, आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही. त्या टायरवर पाय देऊन वर चढल्या. कुणी हात द्यायची वाट पाहिली नाही.

निकाल महिन्यानं लागला. मराठी निघाली. इंग्रजी थोडक्यात राहिली. ते थोडकं कुठून आलं हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी हा धंदा करते याचा मला गर्व आहे, उघडून दाखवते, शिकवते, चुकले तर छापून सांगते, त्याचाही गर्व आहे. पण ते अकरा दिवस कुठल्याही पत्रकानं परत आले नाहीत, आणि त्यांची भरपाई पुण्याच्या एका साइटवर एक बाई टोपली उचलून करत होती.

सुजातानं माझ्याच दुकानातून साइटवर फोन लावला. मागे सिमेंट मिसळणाऱ्या यंत्राची घरघर. तिनं रडत रडत सांगितलं, मराठी झाली, इंग्रजी गेली. मग पंचफुलाबाईंचा आवाज, यंत्रावर चढून येणारा:

"मंग इंग्रजीची पुढची तारीख कवा हाय? ते सांग. तवरोक मी इथंच हावो."